‘मराठी माध्यमातली मी, इंग्रजी काय शिकवणार?’

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीतून इतक्या वेळा आला आहे की आता तो दारातून आत येणाऱ्याच्या चेहऱ्यावरच मला वाचता येतो. कधी तो जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेचा असतो, कधी ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या तरुणाचा. अलीकडे तो घेऊन येणाऱ्यांत भाषाविज्ञानात एम.ए. करणारी मुलं जास्त दिसतात. शब्द वेगळे असतात, दुखणं एकच असतं: इंग्रजी माझी नाही, मग ती दुसऱ्याला शिकवायचा मला काय अधिकार?

म्हणून सायलीची गोष्ट सांगते. तिच्या संमतीने सांगते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सायली सोलापूर जिल्ह्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंग्रजी घेऊन बी.ए., आणि आता पुण्यात भाषाविज्ञानाच्या एम.ए.चं दुसरं वर्ष. संध्याकाळी ती एका खासगी संस्थेत परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायची. येमेन, इराण, अफगाणिस्तान, आफ्रिकेतले देश अशा अनेक ठिकाणांहून मुलं पुण्यात शिकायला येतात आणि कॉलेजचा अभ्यास झेपावा म्हणून त्यांना आधी इंग्रजी पक्कं करावं लागतं. पुढे ब्रिटनमध्ये जाऊन परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचं, म्हणजे टेसॉलचं, शिक्षण घ्यायचं तिच्या मनात होतं. अर्ज निम्मा भरून पडला होता.

“मॅडम, मी त्या मुलांना फसवतेय,” हे तिचं पहिलं वाक्य.

झालं होतं एवढंच. वर्गात एक उतारा वाचताना तिने ‘व्हेजिटेबल’ म्हटलं, शेवटी चक्क टेबल असल्यासारखं. येमेनच्या एका विद्यार्थ्याने अगदी आदबीने मोबाइल पुढे केला, “टीचर, यात ‘व्हेज्टबल’ म्हणतात.” कुणी हसलंसुद्धा नाही. सायलीने मान डोलावली आणि पुढचं वाचलं. घरी येऊन मात्र रात्रभर रडली. त्यानंतर तीन आठवडे तिने वर्गात एकही उतारा स्वतः वाचला नव्हता. लॅपटॉपवर इंग्लंडमधल्या कुणाचं तरी ध्वनिमुद्रण लावायची आणि बाजूला उभी राहायची.

“तीन आठवडे गप्प राहिल्यावर भीती कमी झाली?” मी विचारलं.

“नाही. आता ‘वॉटर’ म्हणतानाही ओठांकडे लक्ष जातं.”

भीतीच्या बाबतीत हे नेहमी होतं. ज्या गोष्टीपासून आपण पळतो ती आपल्यामागे वाढत जाते, कारण ती वाटते तितकी भयंकर नाही हे कळण्याची संधीच आपण स्वतःला देत नाही.

पहिल्या दोन भेटींत मी तिला धीर दिला. त्याचा उपयोग झाला नाही, आणि तो का झाला नाही हे समजून घेण्यासारखं आहे. मी जे सांगणार होते ते सगळं तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. शिकणाऱ्याची चूक ही त्याच्या मनात घडत असलेल्या भाषेचा पुरावा असते, हे भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडलं, हे तिनेच मला समजावलं. मातृभाषकच उत्तम शिक्षक असतो या समजुतीला रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये सरळ भ्रम म्हटलं. ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं आखली आणि भारताच्या इंग्रजीला तिचं स्वतःचं स्थान दिलं. तिला सगळं पाठ होतं.

“मग हे तुला लागू का होत नाही?”

“यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय मी, मॅडम. आठ मिळाले. पण वर्गात उभी राहिले की त्यातलं काही आठवत नाही.”

माहिती कमी पडते म्हणून माणूस घाबरतो असं आपण धरून चालतो. सायलीला माहिती कमी पडत नव्हती. तिच्या मनात आणखी एक वाक्य घट्ट बसलं होतं आणि ते काचरूंपेक्षा मोठ्या आवाजात बोलत होतं. ते वाक्य शोधणं हे माझं काम होतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीतून काम करते. १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ती मांडली. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते असं की घटना एकटी आपल्याला पाडत नाही. तिच्याविषयी धरलेला हट्ट पाडतो. इंग्रजीत तो हट्ट ‘मस्ट’मध्ये दिसतो. मराठीत तो बहुतेक वेळा एका अक्षरात मावतो.

चौथ्या भेटीत मी तिला म्हटलं, “वर्गात शिरताना मनात जे चालतं ते जसंच्या तसं लिही. नीटनेटकं करू नकोस.” तिने तीन ओळी लिहिल्या:

माझा उच्चार बरोबरच असला पाहिजे.
मुलांना माझ्याबद्दल शंका येताच कामा नये.
चुकले तर मी शिक्षिका म्हणवून घ्यायच्या लायकीचीच नाही.

तिने कागद माझ्याकडे सरकवला. मी तो परत तिच्याकडे सरकवला. “हे तू लिहिलंस हे विसर. एखाद्या गावात बोलीचा अभ्यास करायला गेलीस आणि तिथल्या कुणी तुला ही तीन वाक्यं सांगितली असं समज. तुमच्यात जे विश्लेषण करतात ते कर.”

हे मी आधीपासून ठरवलं नव्हतं. तिने लिहिताना पेन्सिल ज्या सफाईने धरली होती ती पाहून सुचलं. आजवर ती माझ्यासमोर आरोपी म्हणून बसत होती. त्या क्षणी ती अभ्यासक झाली. पाठ ताठ झाली, डोळे बारीक झाले. बराच वेळ ती काही बोलली नाही आणि मीही बोलले नाही. मग तिने तीन ठिकाणी गोल केले.

“मॅडम, तिन्हीत ‘च’ आहे.”

“काय आहे तो?”

“शुद्ध शब्दयोगी अव्यय.” आणि मग तिच्या बोलण्याला वेग आला. “‘साठी’ लावलं की ‘घर’चं ‘घरासाठी’ होतं, शब्द बदलावा लागतो. ‘च’ तसं काही करत नाही. ‘घरच’. शब्दाचं रूप जसंच्या तसं राहतं. कळतसुद्धा नाही तो येऊन बसलाय ते...” ती थांबली. “पण अर्थ सगळा फिरवतो.”

“काढून बघ.”

“माझा उच्चार बरोबर असला पाहिजे,” तिने वाचलं आणि मान हलवली. “अजून हुकूमच आहे. ‘पाहिजे’ पण जायला हवं.” तिने खोडलं आणि लिहिलं: माझा उच्चार बरोबर असावा. “हे खरं आहे. हे मला मनापासून वाटतं.” दुसरं वाक्यही तिने तसंच सरळ केलं. तिसऱ्यापाशी अडली. “इथला ‘च’ काढला तरी वाक्य खोटंच राहतं.”

“मग?”

“मग हे वाक्य ठेवता येणार नाही.” तिने त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, चुकले तर दुरुस्त करीन.

‘च’विषयी मी कितीतरी जणांशी बोलले आहे, पण तो शब्दाला धक्का न लावता आत शिरतो म्हणूनच सापडत नाही, हे मला त्या दिवशी सायलीमुळे उमगलं. तेव्हापासून माणसाचं दुखणं त्याच्याच विद्येच्या भाषेत त्याच्यापुढे ठेवायचा मी प्रयत्न करते. स्वयंपाक करणाऱ्या बाईला मी आचेबद्दल विचारते, गवंड्याला ओळंब्याबद्दल. ज्याला जे येतं तिथे तो लहान नसतो.

कागदावर उमगलेलं अंगात मुरायला कृती लागते. म्हणून ठरलं की पुढच्या वर्गात ध्वनिमुद्रण लावायचं नाही आणि सुरुवात त्याच शब्दाने करायची. तिने केली. “त्या दिवशी तुझं बरोबर होतं,” ती त्या मुलाला म्हणाली. “मी हा शब्द ऐकून शिकले नाही, वाचून शिकले. स्पेलिंगमध्ये टेबल दिसतं म्हणून टेबल म्हणते.” मग तिने फळ्यावर प्रत्येकाचा अडणारा शब्द मागवला. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे पार्किंगचं ‘बार्किंग’ होतं. फारसी बोलणारे ‘स्कूल’च्या आधी स्वर घालून ‘एस्कूल’ म्हणतात. सायलीने सांगितलं की आमच्याकडची जुनी माणसंही ‘इस्कूल’ म्हणत. तो तास संपता संपेना, असं ती मला सांगत होती.

त्यानंतर तिला स्वतःचं बळ दिसू लागलं. येमेनची मुलं ‘ही इज इंजिनीअर’ लिहितात आणि ‘लाइफ’च्या आधी मात्र उगाच ‘द’ घालतात. असं का, हे तिला चटकन समजायचं. अरबीत ‘द’सारखं ‘अल’ आहे, पण ‘अ’सारखं काही नाही. मराठीत तर दोन्ही नाहीत. ‘अ’ कुठे आणि ‘द’ कुठे, हे सायलीला एकेक पायरी चढून शिकावं लागलं होतं, म्हणून पायरी कुठली निसटते हे तिला माहीत होतं. जन्मतः ज्याला ते येतं त्याला बरोबर काय ते नक्की सांगता येतं. मध्ये कुठे अडखळायला होतं हे ठाऊक असेलच असं नाही.

हे वाचणाऱ्या सायलींना आता थोडं स्पष्ट सांगते. तुमची चिंता सगळी मनातली नाही. ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’ अशा जाहिराती अजून निघतात. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. तिथे तुमच्या उच्चाराचा प्रश्नच येत नाही, पासपोर्टचा येतो. तो नकार स्वतःच्या लायकीच्या खात्यात मांडू नका. टेसॉल या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये अशा भेदभावाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आहे. आणि एक आपल्या जवळचं उदाहरण लक्षात ठेवा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत मुलांना कृती देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ जगभरच्या इंग्रजी शिक्षकांना आज अभ्यासावा लागतो.

दुसरं, भाषाविज्ञान आणि भाषा शिकवणं यांत गल्लत करू नका. एम.ए.मुळे तुम्हाला भाषेची रचना कळते. चाळीस मिनिटांत पंधरा जणांना बोलतं कसं करायचं हे वेगळं शिकावं लागतं. त्यासाठी हैदराबादच्या इफ्लूचे, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाचे, अध्यापनाचे अभ्यासक्रम आहेत, परभाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी केंब्रिजचा सेल्टा हा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. सेल्टात साधारण १२० तासांचं प्रशिक्षण आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणं असतं. कोणी तुमचा पाठ मागे बसून पाहतं आणि काय जमलं नाही ते सांगतं, हे आत्मविश्वासाच्या शंभर व्याख्यानांपेक्षा मोलाचं आहे. उच्चारही जरूर सुधारा. सायलीने शंकेच्या शब्दांची वही केली, रोज पाच शब्द कोशात ऐकायचे. पूर्वीही ती तेच करत होती, फक्त तेव्हा रात्री दोनपर्यंत आणि पोटात गोळा घेऊन.

जानेवारीत ती शेवटची आली तेव्हा अर्ज पाठवला होता, उत्तर यायचं होतं. त्याबद्दल ती जेमतेम दोन वाक्यं बोलली. तिला सांगायचं होतं दुसरंच. तो व्हेजिटेबलवाला विद्यार्थी वर्ग सुटल्यावर थांबला होता. रिक्षावाल्याला सांगायला एक मराठी वाक्य हवं होतं त्याला. तिने शिकवलं, “मीटरनेच चला.”

“त्याने विचारलं, हा शेवटचा ‘च’ काय करतो,” ती म्हणाली. “मी म्हटलं, इथे तो लागतोच, तो काढू नकोस. पण त्यांच्या अरबीत ‘च’ नाही ना, मॅडम. दोन दिवस ‘मीटरनेश चला’ म्हणत होता. काल जमलं त्याला.”