सात वर्षं उभी असलेली ड्रॅग कार (सरळ ट्रॅकवरच्या वेगाच्या शर्यतीची गाडी) अर्ध्या ट्रॅकनंतर दम सोडते. मेकॅनिक म्हणतो इंजिन उघडा. उघडू का? आणि हिरवा दिवा लागल्यावर निघण्याची माझी रिअ‍ॅक्शनही मंदावली आहे, त्याचं काय?

नाही, इंजिनला हात लावू नका. आधी टाइम स्लिप, म्हणजे धावेनंतर मिळणारी वेळांची चिठ्ठी, घेऊन बसा.

तुम्हीच लिहिलंय की पहिल्या 60 फुटांची वेळ पूर्वीइतकीच येते, 201 मीटरपर्यंत (अर्धा ट्रॅक) गाडी ठीक असते आणि 402 मीटरला (पूर्ण ट्रॅक) सगळं गेलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा गेलेलं इंजिन सुटल्यापासूनच मागे पडतं. वाल्व्ह स्प्रिंग थकल्या असत्या तर पहिल्याच गिअरमध्ये वरच्या आरपीएमला गाडी अडखळली असती. तुमच्या गाडीला पेट्रोल पुरत नाहीये. सुरुवातीला इंजिन कार्ब्युरेटरच्या बाऊलमधल्या (छोट्या कप्प्यातल्या) पेट्रोलच्या साठ्यावर पळतं. तो उपसला गेला की मग पंपाची खरी परीक्षा.

इतक्या ठामपणे बोलतोय कारण बऱ्याच वर्षांनी मी शर्यतीत परतलो तेव्हा याच लक्षणांवरून आमच्यात वाद झाला होता. गाडी दोघांची. जोडीदाराचं एकच पालुपद, "रिंगा गेल्या, इंजिन उतरवू." मी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासलं, सगळे सिलिंडर एकसारखे. तर म्हणे, गेज काहीही दाखवेल, माझा कान सांगतोय ते खरं.

मी पेट्रोलचा दाब दाखवणारं फ्युएल प्रेशर गेज वायपरपाशी बसवलं, काचेच्या बाहेर, कारण पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नसते. आतून मोबाइल चिकटवला आणि रन मारला. उभ्या गाडीत ते गेज दिवसभर 6 पीएसआय दाखवायचं. व्हिडिओत मात्र तिसरा गिअर पडला आणि काटा खाली बसत बसत 2 च्याही खाली गेला.

टाकीपासून पंपापर्यंतचा रबरी पाइप बाहेरून धडधाकट होता. मी तो सुरीने उभा चिरला. आतला थर फुगून सुटलेला, मधे पेन्सिलीच्या शिशाएवढं भोक. पंप जितका जोर लावणार तितका तो थर आत ओढला जाऊन वाट बंद होणार. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराची ही गत करतं. इथेनॉलला टिकणारा पाइप घातला, टाकीतली जाळी साफ केली आणि त्याच इंजिनावर गाडी जुन्या वेळेला आली. इंजिन उतरवायला जोडीदाराने होइस्ट आधीच मागवून ठेवला होता. आजही तो लोकांना सांगतो की माझं नशीब चांगलं. यात नशिबाचा काय संबंध? मी मोजलं, त्याने मोजलं नाही. त्यावरून आमचं बिनसलं ते कायमचं, आणि माझं मत आजही तेच आहे.

तुम्हीही आधी पाइप आणि जाळी तपासा, तोवर फुल थ्रॉटल रन मारू नका. मिश्रण लीन होऊन (पेट्रोल कमी, हवा जास्त) पिस्टन वितळला तर इंजिन खरंच उघडावं लागेल. सात वर्षांपूर्वीचे टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. बाजूवरच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ब्रेक फ्लुइड पाणी शोषतं, तेही बदला.

रिअ‍ॅक्शनची चिंता आत्ता नको. स्लिपवरच्या धावेच्या वेळेत ती धरलेलीच नसते, ते घड्याळ गाडी हलल्यावर सुरू होतं. शर्यतीत ती नडेल, पण सरावाने सुधारते.

हे सगळं कार्ब्युरेटरच्या गाडीबद्दल. इंजेक्शन असेल तर प्रेशरचे आकडे बरेच वरचे असतात. आणि कॉम्प्रेशनमध्ये एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फारच खाली आला, तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, उघडा इंजिन.