अठरा जण, एक तिकीट आणि दोन मिनिटांचा थांबा

वाचकांचे प्रश्न : परदेशातला गटाचा रेल्वे प्रवास

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघातले १८ जण उन्हाळ्यात जर्मनीला सेवादौऱ्यावर जाणार आहेत. बर्लिन, विटेनबर्ग आणि हाले असा प्रवास रेल्वेने आहे. हरवाहरवी नको म्हणून सगळ्यांचं एकच ग्रुप तिकीट पाळकसाहेबांच्या मोबाइलवर ठेवायचं ठरतंय. हे बरोबर आहे का?
– तरुण संघाच्या सचिव, सोलापूर

उत्तर : तसं अजिबात करू नका. गटाच्या प्रवासातली सर्वांत मोठी फजिती इथूनच सुरू होते. सोलापूर स्टेशनवर गाडी निवांत थांबते, डबा शोधायला वेळ मिळतो. जर्मनीत मधल्या स्टेशनांवर वेगवान गाडी बऱ्याचदा दोन-तीन मिनिटंच थांबते. दार आपोआप उघडेल म्हणून वाट पाहू नका. बटणाचा दिवा लागला की ते दाबायचं असतं. सुटायच्या वेळेच्या काही सेकंद आधी दारं बंद होतात आणि मग हात दाखवून, हाका मारून उपयोग नसतो. अठरा माणसं आणि अठरा बॅगा एकाच दारातून चढवायला गेलात, तर निम्मी मंडळी फलाटावर राहते. तिकीट पुढे गेलेलं आणि माणसं मागे. विनातिकीट सापडल्यास दंड माणशी किमान ६० युरो आहे.

जर्मन रेल्वेचं ग्रुप भाडं सहा जणांपासून लागू होतं. म्हणून सहा-सहाच्या तीन तुकड्या करा आणि प्रत्येकीचं तिकीट वेगळं काढा. तिकिटाची पीडीएफ तुकडीतल्या दोघांच्या मोबाइलवर आणि एक छापील प्रत कागदावर. एक मोबाइलवाला सर्वांत आधी चढेल, दुसरा सर्वांत शेवटी.

फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं लावलेली असतात. तुमचा डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते सूचनाफलकावर दिसतं. गाडीच्या दहा मिनिटं आधी तीन तुकड्यांनी तीन वेगवेगळ्या दारांच्या अंदाजाने उभं राहावं. कधीकधी डब्यांचा क्रम ऐन वेळी उलटा होतो किंवा फलाटच बदलतो, म्हणून एकाने फलकावरची नजर हलवायची नाही. चढताना दणकट माणूस आधी आत, मग साखळी करून बॅगा, मग बाकीचे. आतल्यांनी दारातच बॅगा लावत बसू नये. पॅसेजमध्ये सरका, गाडी सुटल्यावर सामान लावा.

तरीही कोणी मागे राहिलंच तर? गाडीतल्यांनी पुढच्या स्टेशनावर उतरायचं नाही. साखळी तर ओढायचीच नाही. मागे राहिलेल्यांनी स्टेशनवरच्या माहिती खिडकीवर जाऊन पुढच्या गाडीचं विचारावं आणि ठरलेल्या मुक्कामी यावं. भेटीची जागाही आधीच ठरलेली हवी : शेवटच्या स्टेशनची माहिती खिडकी. दोन्हीकडचे एकमेकांना शोधायला निघाले की दिवस गेलाच म्हणून समजा.

प्रश्न : तिकीट असूनही उभ्याने जावं लागतं, हे खरं का? अर्धी गाडी भलतीकडे जाते असंही ऐकलं.
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : दोन्ही खरं. आपल्याकडे तिकीट कन्फर्म म्हणजे बर्थ पक्का. तिथे तिकीट हा फक्त प्रवासाचा हक्क. आसनाचं रिझर्व्हेशन वेगळे पैसे देऊन करायचं. गाडी सुटल्यापासून १५ मिनिटांत जागेवर बसला नाहीत तर तो हक्क जातो. त्यामुळे आपल्या माणसांच्या गप्पांत दाराजवळ रमू नका.

गाडी तुटण्याचं म्हणाल, तर बर्लिनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या काही आयसीई (जर्मनीच्या वेगवान) गाड्या हाम स्टेशनला दोन भागांत विभागतात. एक भाग डॉर्टमुंडमार्गे, दुसरा वुपरटालमार्गे. म्युनिकजवळच्या होल्त्सकिर्शेनला तर लोकल गाडीचे फाटे फुटतात. फलाटावरचा फलक पाहिला तरी डब्याच्या दारावरचं गंतव्यस्थान पुन्हा वाचा, आणि एका तुकडीचे सहा जण एकाच डब्यात बसवा.

एका राज्यातल्या स्थानिक गाड्यांत दिवसभर चालणारं राज्य-तिकीट स्वस्त पडतं, पण ते जास्तीत जास्त पाच जणांना चालतं. कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच. त्यावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात आणि वेगवान गाडीत ते चालत नाही. तुमची तुकडी सहाची असेल, तर सहावा माणूस बिनतिकीट ठरतो. हा हिशेब निघण्याआधी करा.

प्रश्न : विटेनबर्गचं तिकीट ऑनलाइन काढताना दोन सारखी नावं दिसतात. कुठलं घ्यायचं?
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : ल्युथरश्टाट विटेनबर्ग. बर्लिनहून हाले-लाइपझिगच्या वाटेवर, वेगवान गाडीने साधारण पाऊण तास. दुसरं विटेनबर्गे हे हँबुर्गच्या वाटेवरचं वेगळंच गाव. फ्रँकफर्टही दोन आहेत : एक माइन नदीकाठी, दुसरं ओडर नदीकाठी पोलंडच्या सीमेला लागून. हाले नावाचं एक गाव वेस्टफालियातही आहे. आपल्याला हवं ते हाले म्हणजे जिथे शिकलेले जर्मन मिशनरी त्सिगेनबाल्ग १७०६ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरले. त्या गावाला पूर्ण दिवस द्या, दोन गाड्यांच्या मध्ये कोंबू नका.

प्रश्न : गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली तर भुर्दंड कोणाचा?
– खजिनदार, सोलापूर

उत्तर : सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर तुमचा नाही. ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट असलं, तरी मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर दुसऱ्या गाडीने जाता येतं. ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटांना ५० टक्के परत मिळतात. अर्ज तीन महिन्यांत करायचा. रात्री अडकलात तर आधी माहिती खिडकीवर जाऊन मुक्कामाची सोय मागा. स्वतः खोल्या घेतल्याच तर पावत्या जपा. दोन तुकड्यांची वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे अर्ज, हे ध्यानात ठेवा. आणि अठरा जणांना गाडी बदलायला किमान २५-३० मिनिटं ठेवाच. संगणक आठ मिनिटं सुचवेल, पण त्याला तुमच्या बॅगा दिसत नाहीत.

प्रश्न : मुलगी पहिल्यांदाच परदेशी जाते आहे. पासपोर्ट पाळकसाहेबांकडे एकत्र द्यावा का? आणि खायला काय बांधून द्यावं?
– एक पालक, होटगी रोड

उत्तर : पासपोर्ट तिच्याच अंगावर, कमरेच्या पाउचमध्ये. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली. पोलीस डब्यात चढतात तेव्हा पासपोर्ट तीन डबे पलीकडे असून चालत नाही. फोटोप्रत बॅगेत वेगळी ठेवा.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी द्या. भाकरी मोडू नये म्हणून स्टीलच्या डब्यात, चटणी दोन पिशव्यांत घट्ट बांधून मोठ्या बॅगेत. पेढे, खवा, तूप मात्र नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. बॅग तिला एकटीला डोक्याइतकी उचलता यायला हवी, कारण तिथे हमाल शोधूनही सापडत नाही. गीतांच्या पुस्तकांचा एकच जड खोका करू नका. प्रत्येकाच्या बॅगेत चार-चार वाटून द्या. आणि बॅगा फलाटावर सोडून सगळे चहाला गेले, असं होऊ देऊ नका. बेवारस सामान दिसलं की पोलीस येतात.