बारावीची केमिस्ट्री अवघड जातेय?

दहावीला विज्ञानात पंच्याण्णव पडले म्हणून केमिस्ट्रीला गृहीत धरू नकोस. इथे एका नावाखाली तीन विषय आहेत. फिजिकल म्हणजे गणित, इनऑरगॅनिक म्हणजे बरंचसं पाठांतर (सर काहीही म्हणोत), आणि ऑरगॅनिक म्हणजे इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात याचा माग.

आधी अकरावीची मोल संकल्पना (पदार्थाचे कण मोजायचं एकक) पक्की कर. ती कच्ची राहिली की सोल्युशन्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री सगळंच अडतं. नुसते सूत्रात आकडे टाकणं कसं फसवतं बघ: १०⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच सूत्राने ८ येतो, आणि ७ च्या वरचा पीएच म्हणजे आम्लारी. पण आम्ल कितीही पातळ केलं तरी ते आम्लारी कसं होईल? तिथे पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयनही धरावे लागतात, मग उत्तर ६.९८ च्या आसपास येतं. म्हणून उत्तर आलं की ते शक्य तरी आहे का, हे बघायचं.

ऑरगॅनिकच्या अभिक्रिया नुसत्या वाचू नकोस. पुस्तक मिटून लिही, रोज पाच-सहा.

बोर्डाचे ३० गुण प्रात्यक्षिकाचे, तेव्हा जर्नल वेळेवर तपासून घे. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. जेईईला मात्र असले अंदाजपंचे प्रकार नकोत.