वळताना मागून आवाज येतोय? आधी एवढं बघ

भावा, लगेच डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा, वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो तो) खोलायला देऊ नकोस, नवीन लोक हमखास हीच घाई करतात आणि पैसे फुकट जातात. बोलेरोसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर आधी जॅक, पाना, स्टेपनी घट्ट आहे का बघ, बराचसा खडखडाट तिथलाच असतो. मग मोकळ्या मैदानात काचा खाली करून हळू गोल फिरव, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, आणि मागच्या सीटवर कुणाला तरी ऐकायला बसव.

- रस्त्यावर वेगात घूंऽऽ येतोय आणि उजव्या वळणावर वाढतोय? संशय डाव्या चाकाच्या बेअरिंगवर (चाक ज्यावर फिरतं ती कडी), वळताना वजन बाहेरच्या चाकावर येतं ना. पण वेडावाकडा झिजलेला टायरही सेम असाच ओरडतो, म्हणून आधी टायर पुढचे मागे करून बघ, आवाज पुढे सरकला तर बेअरिंगचा खर्च वाचला.
- फक्त वळतानाच कटकट, सरळ रस्त्यावर शांत? मग डिफरन्शियल. आधी ऑइलची लेव्हल बघ, ऑइलमध्ये लोखंडाचे तुकडे दिसले तर थेट मेकॅनिककडे.

जॅक लावताना पुढच्या चाकांना दगड लावच, मागचं चाक उचललं की हँडब्रेकचा भरवसा नाही. चाक वरखाली धरून हलव, लटपटलं तर गाडी चालवूच नको. बॅकलॅश (गिअरच्या दात्यांमधली मोकळीक), शिम (ती जुळवायच्या पातळ चकत्या) वगैरेच्या नादी आत्ता लागू नको.