फ्रान्समध्ये समुद्रकिनारी कॅम्पिंग: आठवडाभर करायचं काय?

तुम्ही विचारलंय की जुलैमध्ये आठवडाभर तंबू घेऊन फ्रान्सच्या समुद्रकिनारी जायचंय, मुलं ८ आणि ११ वर्षांची, आणि बीचवर लोळण्याशिवाय तिथे करायला असतं काय. आम्ही जर्मनीत राहतो आणि उन्हाळ्यात तंबू गाडीत टाकून अटलांटिकच्या बाजूलाच जातो, त्यामुळे त्याच बाजूचं सांगते. भूमध्य समुद्राकडे पाणी जास्त गरम असतं हे खरंय पण तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, आणि माझ्या मते मुलांसाठी खरी मजा ओहोटीतच आहे.

माझं ऐकाल तर एकच जागा धरा, वांदे भागातलं न्वारमूतिए बेट किंवा त्याच्या समोरचा किनारा. ब्रिटनी, बोर्दो, मोठी वाळूची टेकडी असं सगळं एका आठवड्यात कोंबू नका, अर्धी सुट्टी गाडीत जाईल.

पोचल्या पोचल्या कॅम्पिंगच्या रिसेप्शनवर भरती-ओहोटीचा तक्ता मागून घ्या. त्यात वेळांसोबत २० ते १२० मधला एक आकडा असतो, आकडा जितका मोठा तितकं पाणी लांब मागे जातं, ९० च्या वर असेल तर त्या दिवशी दुसरा काही प्लॅन ठेवूच नका. घरात कालनिर्णय असेल तर निघायच्या आधीच अंदाज येतो, अमावस्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी तिथलं उधाण असतं आणि तेव्हाची मोठी ओहोटी त्या भागात साधारण दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे मुलांना पहाटे उठवायला पण नको.

मग काय करायचं तर बादली आणि हातात धरायची छोटी दाताळी घेऊन ओल्या वाळूत उतरायचं. अख्खी फ्रेंच कुटुंबं, आजोबा-आजी, नातवंडं, सगळे गुडघाभर बूट घालून वाकलेले दिसतात. आपल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या वाळूत दोन-चार बोटं खाली असतात. पण मुलांना सगळ्यात आवडतो तो लांबट, सुरीच्या मुठीसारखा शिंपला. वाळूत कुलपाच्या भोकासारखं भोक शोधायचं, त्यात चिमूटभर जाडं मीठ टाकायचं आणि गप्प बसायचं. थोड्या वेळात पाणी बुडबुडतं आणि तो शिंपला सरळ उभा वर येतो, पटकन धरायचा पण ओढाताण नाही करायची, सैल सोडेपर्यंत थांबायचं. माझा मुलगा तासन्‌तास हेच करत असतो.

नियम मात्र कडक आहेत आणि बरोबरच आहेत. प्रत्येक जातीला कमीत कमी आकार ठरलेला आहे, किती न्यायचं त्यालाही मर्यादा असते, लहान असेल तर परत वाळूत. टुरिस्ट ऑफिसात माप घ्यायची पट्टी बऱ्याचदा फुकट मिळते. पाणी खराब असेल तर तो किनारा बंद ठेवतात, म्हणून बोर्ड वाचा किंवा रिसेप्शनवर विचारून जा. दगड उलटवला तर परत होता तसा ठेवायचा. आणलेल्या शिंपल्या काही तास समुद्राच्याच पाण्यात ठेवा म्हणजे वाळू सोडतात, मग कांदा आणि घरून नेलेलं मालवणी मसाला-खोबरं, तंबूसमोर गॅसवर तिसऱ्यांचं सुकं. शेजारच्या तंबूतले लोक वासाने विचारायला येतातच.

दुसरी गोष्ट म्हणजे पासाज द्यु ग्वा. मुख्य भूमीवरून बेटावर जाणारा चार किमीपेक्षा थोडा जास्त लांबीचा रस्ता, जो रोज दोनदा पाण्याखाली जातो. १९७१ पासून पूल आहे त्यामुळे गरज म्हणून कोणी जात नाही, पण पाणी उतरताना काठावर उभं राहून बघा, आधी रस्त्याकडेचे खांब दिसतात, मग मधूनच ओला काळा रस्ता वर येतो, शेवाळ चिकटलेलं, आणि मग लोक गाड्या घेऊन निघतात. ओहोटीच्या वेळेच्या आधी दीड तास ते नंतर दीड तास एवढीच मुभा, दोन्ही टोकांना वेळा लिहिलेल्या असतात. उशीर झाला तर पुलावरून या, इथे घाई करायची नाही. अडकलेल्यांना चढायला उंच खांबांवर मचाण ठेवलेत ते उगाच नाही. तुमच्या मोठ्याला सायकलिंग आवडत असेल तर सांगा, १९९९ ला टूर द फ्रान्स इथून गेली तेव्हा ओल्या रस्त्यावर बरेच रायडर पडले, अ‍ॅलेक्स झ्युलेची सहा मिनिटांच्या वर गेली आणि शेवटी तो टूरमध्ये दुसरा आला.

बेट सपाट आहे त्यामुळे सायकली भाड्याने घ्या, मुलंही न कुरकुरता चालवतात. मिठागरं नक्की बघा, कामगाराशी बोला, पाण्यावर तरंगणारी मिठाची पातळ साय ते फळीने अलगद ओढून घेतात आणि तिथेच विकतात. बुआ द ला शेझच्या झाडीत सावली आहे, खाली पांढऱ्या लाकडी केबिन असलेला छोटा बीच. मोकळ्या मोठ्या किनाऱ्यावर, म्हणजे बेटावर नाही तर मुख्य भूमीवरच्या सां-जां-द-माँ गावाकडे, शिडाची तीनचाकी गाडी वाऱ्यावर चालवायला शिकवतात, साधारण आठ वर्षांपासून घेतात. पोहायचं मात्र लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच, पाणी जुलैतही २० अंशांच्या आसपास असतं, लहान मुलांना गारठा लागतो. पाऊस लागला तर नाँत शहरात जाऊन १२ मीटर उंचीचा चालणारा यांत्रिक हत्ती दाखवा.

कॅम्पिंगचं थोडं: किनाऱ्यावर कुठेही तंबू ठोकता येत नाही, बंदी आहे, त्यामुळे जुलैचं बुकिंग आत्ताच करा. नगरपालिकेचे कॅम्पिंग साधे आणि स्वस्त असतात. वीज ६ किंवा १० अँपिअरची, राईस कुकर आणि किटली एकदम लावली की उडते. कोळशाची शेगडी बऱ्याच ठिकाणी चालत नाही, गॅस चालतो. स्विमिंग पूलमध्ये पुरुषांना आणि मुलांना घट्ट चड्डीच लागते, बर्म्युडावर आत सोडत नाहीत. सकाळचे बगेत, म्हणजे लांब फ्रेंच पाव, आदल्या संध्याकाळी सांगून ठेवायचे.

नेमक्या तारखा कळवा, त्या आठवड्यात मोठी ओहोटी कधी आहे ते बघून सांगते.