ढग आणि झुडूप

तुझा प्रश्न असा, की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, लहानपणापासून गेमचं वेड आहे आणि जपानला जाऊन गेम बनवायचे आहेत, तर या वेडाचा तिथे काही उपयोग होतो का? मी नऊ वर्षं टोकियोत एका गेम कंपनीत प्रोग्रामर आहे. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहितेय.

उपयोग होतो, पण खेळताना तुझं लक्ष कुठे जायचं यावर बरंच अवलंबून आहे. मुलाखतीत मला विचारलं होतं, 'गेममधली अशी एक गोष्ट सांगा, जी इतरांच्या नजरेतून सुटते.' मी सुपर मारिओ ब्रदर्सचं सांगितलं. १९८५चा गेम. त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळे, हे मला शाळेत असतानाच दिसलं होतं. कारण खूप पुढे कळलं. अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवला होता आणि त्यात चित्रांच्या वाट्याला आले होते फक्त ८. समोरचे गृहस्थ पुढे सरकून बसले आणि त्यानंतरचे सगळे प्रश्न मेमरीवर आले. माझ्या पदवीबद्दल त्यांनी जेमतेम एक वाक्य विचारलं.

रुजू झाल्यावर पहिलं काम मिळालं ते उडीचं. कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यावर खेळणारा बटण जरा उशिरा दाबतो, आणि चांगला गेम त्याला तेवढी सूट देतो. आमच्याकडे सेकंदाला ६० फ्रेम होत्या, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं. ३ फ्रेमची सूट ठेवली तर टेस्टर म्हणायचे, 'बटण लागत नाही.' १० ठेवली तर नायक हवेत उभा असल्यासारखा दिसायचा. शेवटी ६ वर थांबलो, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. लहानपणी 'मी दाबलं होतं, खरंच दाबलं होतं!' म्हणून रडकुंडीला आलेली मी त्या आठवड्यात रोज आठवत होते. ती चिडचिड अंगात नसती, तर ३ आणि ६ मधला फरक माझ्या बोटांना कळलाच नसता.

आता तुझ्या अर्जाचं. तू 'गेम डिझायनर' व्हायचं म्हणतोस. जपानी कंपन्यांत 'डिझायनर' म्हणजे चित्रं, मॉडेल करणारा कलाकार. नियम, लेव्हल, खेळाची रचना करणाऱ्याला 'प्लॅनर' म्हणतात. हे माहीत नसल्यामुळे माझ्या ओळखीच्या एकाने भलत्याच विभागात अर्ज केला आणि सहा महिने वाया घालवले. प्लॅनरचं काम म्हणजे दिवसभर जपानीत तपशीलवार कागद लिहिणं, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला ते सगळ्यात अवघड जातं. तुझं कोडिंग पक्कं असेल तर प्रोग्रामर म्हणून ये.

भाषा मात्र टाळता येणार नाही. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात कठीण. एन-२ धरून चाल. इंग्रजीवर चालणाऱ्या टीम आहेत, पण थोड्या, आणि तिथेही जेवणाच्या सुट्टीतली निम्मी चर्चा तुझ्या डोक्यावरून जाईल. खरे निर्णय कितीदा तिथेच होतात, हे मी पहिल्या वर्षी सोसलंय.

व्हिसाचं तुला वाटतं तितकं अवघड नाही. इंजिनिअरच्या वर्क व्हिसासाठी कामाशी जुळणारी पदवी किंवा साधारण १० वर्षांचा अनुभव लागतो. नोकरी आधी मिळवायची. मग पात्रतेचं प्रमाणपत्र सहसा कंपनीच तिथल्या इमिग्रेशनकडून काढते. म्हणून पदवी अर्धवट सोडायचा विचार डोक्यातून काढून टाक, कृपा करून.

घरचे 'खेळात आयुष्य घालवलंस' म्हणतात, असं लिहिलंयस. पोकेमॉनचा जनक सातोशी ताजिरीही आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या दुकानांत रमायचा आणि त्या गेमबद्दल १९८३पासून 'गेम फ्रीक' नावाचं हस्तलिखित मासिक काढायचा. १९८९मध्ये त्याच नावाची कंपनी झाली आणि १९९६मध्ये पोकेमॉन आला. घरच्यांना हे सांगून पटेल की नाही, कोण जाणे. पण त्याच्यासारखं लिहायला तू आजच लागू शकतोस. आवडता एक गेम घे, त्यातली एकच हालचाल निवड, ती स्वतः कोडमध्ये बनव आणि कुठले आकडे बदलल्यावर हाताला काय जाणवलं, ते दोन पानांत लिहून काढ. डिसेंबरच्या परीक्षेआधी झालं तर मला पाठव, मी ओळ न ओळ वाचेन.