जेवण नेऊन देणं ही 'सेवा' म्हणायची का?

प्रश्न असा: चर्चमधल्या 'मिनिस्ट्री'ला मराठीत 'सेवा' म्हणतात. मग आजारी शेजाऱ्याला जेवण नेऊन देणं, एकट्या माणसापाशी तासभर बसणं यालाही 'सेवा' म्हटलं तर शब्द ताणला जातो का? की तो उपदेश आणि प्रार्थनेसाठीच राखून ठेवावा?

ताणला जात नाही. उलट शब्दाचं मूळ घर तिथलंच आहे.

बायबलचा दुसरा भाग, नवा करार, मुळात ग्रीकमध्ये लिहिला गेला. त्यातला 'सेवे'साठीचा शब्द 'दिआकोनिया', आणि त्याच्या क्रियापदाचा रोजचा अर्थ जेवण वाढणं, कुणाच्या हाताखाली काम करणं. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, येशूचा शिष्य शिमोन याच्या सासूचा ताप उतरतो आणि ती लगेच उठून आलेल्यांचं हवं-नको पाहू लागते (अध्याय १, ओवी ३१), तिथे हेच क्रियापद आहे. पुढे येशू स्वतःविषयी म्हणतो की मी सेवा करून घ्यायला नाही, करायला आलो (१०:४५). तिथेही हेच.

नव्या करारातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचा दाखला बरेचदा उलट बाजूने दिला जातो. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर होते; प्रेषित, म्हणजे येशूचे प्रमुख शिष्य, म्हणतात, देवाचं वचन सोडून आम्ही पंगतीला वाढत बसणं बरं नव्हे, त्यासाठी सात जण निवडा. म्हणजे बघा, खरी सेवा वचनाची! पण मूळ मजकुरात वाटपालाही 'दिआकोनिया' आहे, वाढण्याला त्याचंच क्रियापद आहे, आणि पुढच्याच वाक्यात 'वचनाची सेवा' म्हणतानाही 'दिआकोनिया'च. कामं वाटून घेतली, शब्द मात्र सामाईक राहिला.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातली शेवटच्या न्यायाची जागा मला सर्वांत बोलकी वाटते. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याचा समाचार, कैद्याची भेट अशी सहा कामं तिथे वेगवेगळी सांगितली आहेत. या सगळ्यांना मिळून एक क्रियापद वापरतात ते ज्यांनी यातलं काहीच केलं नाही ते लोक: 'प्रभू, आम्ही तुझी सेवा केली नाही असं कधी झालं?' (२५:४४). ज्यांनी केलं, त्यांना तर आपण प्रभूसाठी काही केलं याचा पत्ताच नसतो. आपल्याकडे 'हातून सेवा घडली' म्हणतात. त्यातलं 'घडली' इथे चपखल बसतं.

मग 'दया' किंवा 'परोपकार' का नको? दया वरून खाली येते, उपकाराचं ओझं होतं. सेवा मात्र आपण देवाची करतो, आईवडिलांची करतो. ज्याची करायची तो आपोआप मोठा ठरतो. लॅटिनमधला 'मिनिस्टर'ही 'कमी' या अर्थाच्या शब्दावरून आलेला, म्हणजे धाकटा, हाताखालचा. त्याचा पुढे मंत्री झाला, आणि यंत्राकडून भाषांतर करून घेतलं की चर्चच्या तरुणांच्या कामाचं 'युवा मंत्रालय' होऊन बसतं, ही गंमत वेगळीच.

जाता जाता: आजाऱ्याच्या सेवेला आपण 'शुश्रूषा' म्हणतो, तिचा व्युत्पत्तीने अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. तेव्हा नुसतं बसून ऐकणाऱ्यानेही बिचकायचं कारण नाही.

वापराचं म्हणाल तर एकेका कृतीला 'सेवा' पुरे. 'सेवाकार्य' हा शब्द ठरवून, नेमाने चालणाऱ्या कामासाठी ठेवावा. 'काल शेजारी सेवाकार्य केलं' हे अहवालातलं वाक्य वाटतं. 'दयाळूपणाची कृत्ये' तर भाषांतराचा वास मारतं. आणि स्वतःच्या कामाबद्दल बोलताना 'सेवा'ही न म्हणता 'जरा जेवण देऊन आलो' एवढंच म्हणावं. 'सेवा' हे दुसऱ्याने म्हणायचं.